काळपांडे सरांचे डबे

काळपांडे सरांच्या तोंडून 'डबा' हा शब्द निघाला की नव्या माणसाला आधी भूक लागायची. मलाही लागली होती. अमरावतीत राजापेठेतल्या त्या ऑफिसात माझा पहिलाच दिवस होता आणि चांदूर रेल्वेहून निघताना मी नुसता चहा घेतला होता. सर भिंतीसमोर उभे राहून म्हणाले, "चला, आधी डबे काढू." मी बॅगेतून डबा काढून टेबलावर ठेवला. भेंडीची भाजी होती. सरांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "हा दुपारचा झाला. मी सॉफ्टवेअरचे म्हणून राहिलो."

सॉफ्टवेअर लिहायला घेण्याआधी त्याचे भाग कोणते, कोणता भाग कोणाला काय सांगणार आणि कोणी कोणाचं ऐकायचं, हे चौकोन आणि बाण काढून ठरवतात. या चौकोनांना बाहेरच्या जगात बरीच भारदस्त नावं आहेत. सरांना ती सगळी ठाऊक होती, पण ते त्यांना डबेच म्हणत. पद 'आर्किटेक्ट' असलं तरी हे चौकोन ते संगणकावर काढत नसत. चार्ट पेपर, फूटपट्टी आणि खिशात तीन पेनं, असा त्यांचा सरंजाम. काळं पेन डब्यांसाठी, लाल बाणांसाठी आणि हिरवं शंकांसाठी. हिरवं पेन सगळ्यांत लवकर संपायचं.

आमचं ऑफिस म्हणजे शिलाई मशीनच्या दुकानावरचा तीन खोल्यांचा फ्लॅट. चार्ट चिकटवून चिकटवून भिंतीचा रंग निघायला लागला तेव्हा घरमालक कुरकुरले. सरांनी त्यावर उपाय म्हणून निघालेल्या रंगावर नवे चार्ट लावले. आमच्यातला निखिल वानखडे मूर्तिजापूरहून यायचा, त्याची जीभ जरा सैल. आराखड्यातले निम्मे डबे केवळ पोपडे झाकायला जन्माला आले आहेत, असं तो उघड म्हणायचा. सरांपर्यंत हे गेलं तेव्हा त्यांनी निखिलला बोलावून विचारलं की कोणते डबे, नेमकं सांग. निखिलनं एकावर बोट ठेवलं. पुढचा अख्खा दिवस सर त्याला तो डबा का हवा हे समजावत होते. त्यानंतर निखिलनं कुठल्याही डब्यावर बोट ठेवलं नाही.

सर मूळचे अंजनगाव सुर्जीचे. पुण्यात एका कंपनीत अठरा वर्षं काढून ते परत आले होते आणि येताना त्याच कंपनीची एक छोटी शाखा बरोबर घेऊन आले होते. तिथल्या मोठ्या साहेबांच्या मागे लागून त्यांनी कबूल करवून घेतलं होतं की अमरावतीत पाच माणसांचं ऑफिस एक काम होईपर्यंत चालवून पाहू. काम नीट उभं राहिलं तर ऑफिस राहील. नाही तर कुलूप, आणि ज्याला नोकरी हवी असेल त्यानं पुण्याला यावं. ही अट त्यांनी आमच्यापासून लपवली नाही. मुलाखतीतच मला विचारलं, "तुले पुण्याले जायचं आहे का?" मी नाही म्हटलं. माझं घर, माझी आई आणि माझी रोजची गाडी, सगळं चांदूरला होतं. "मंग हे काम झालंच पायजे," असं म्हणून त्यांनी मुलाखत संपवली. संगणकाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही, हे मी घरी कोणाला सांगितलं नाही.

ते काम म्हणजे अकोल्यातली माती तपासणारी एक खासगी प्रयोगशाळा. शेतकरी पिशवीत माती घेऊन येतात, तिथं तिची तपासणी होते आणि अहवाल मिळतो: नत्र किती, स्फुरद किती, पालाश किती, त्यावरून खत किती घालायचं. हे सगळं तोवर वह्यांमध्ये चालायचं. ते संगणकावर आणायचं आणि अहवाल थेट शेतकऱ्याच्या मोबाइलवर पाठवायचा, असं ठरलं होतं. माती आल्याची नोंद आणि तपासणी हा भाग आमच्याकडे, अहवाल पाठवण्याचा भाग पुण्याकडे. मुदत पुढच्या पेरणीपर्यंतची, म्हणजे हातात एक वर्ष होतं.

काम समजून घ्यायला सर आम्हाला मे महिन्यात अकोल्याला घेऊन गेले. मे महिन्यात अकोल्याला स्वखुशीनं जाणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. प्रयोगशाळेच्या प्रमुख तायडेबाई. तीस वर्षं माती हाताळलेली बाई, कमी बोलणारी. कूलरसमोरची खुर्ची त्यांनी सरांना दिली, आणि पुढच्या तीन तासांत त्यांना त्याचा पश्चात्ताप झाला असावा. सरांनी विचारलं की माती येते म्हणजे नेमकं काय होतं. बाई म्हणाल्या, माणूस पिशवी घेऊन येतो. पिशवी कोणाची, सरांनी विचारलं. त्याची. आणि माती? मातीही त्याचीच. मग सर थोडे पुढे झुकले.

"आणि पिशवी त्याची, पण माती दुसऱ्याची असली तर?"

निखिल खिडकीकडे पाहून हसू दाबत होता. पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "तुमाले कसं माहीत जी?" मग कळलं की निम्म्या पिशव्या तशाच येतात. एक जण अकोल्याला निघाला की भावाची, साडूची, शेजारच्या वावराची माती त्याच्याच पिशवीत, वर्तमानपत्राच्या पुड्या करून. पुड्या फुटतात. तिघांची माती एक होते आणि तिघांना एकच अहवाल जातो. सरांनी हिरवं पेन काढलं. परतीच्या गाडीत त्यांच्या वहीत 'पिशवी', 'माती' आणि 'वावर' असे तीन वेगळे डबे तयार होते, आणि ते इतके खूश होते की बडनेऱ्याला उतरल्यावर आम्हा सगळ्यांना त्यांनी गिला वडा खाऊ घातला. त्यांचं हे असंच असायचं. दहापैकी नऊ शंका नुसता छळ, आणि दहावी अशी की ती कोणाला सुचली नसती.

त्यातून जो आराखडा तयार झाला तो स्पायरल बाइंडिंग करून आणला तेव्हा दुकानदारानं विचारलं की पीएचडी कोणत्या विषयात आहे. पहिलं प्रकरण व्याख्यांचं. नाव म्हणजे काय, गाव म्हणजे काय, एका माणसाला दोन नावं असली तर काय करायचं, एका नावाची दोन गावं असली तर काय, रविवार म्हणजे काय. अहवालात एखादी जागा रिकामी असली तर ती रिकामी दिसू नये, तिथं 'आढळले नाही' असं आपोआप यावं, असाही नियम होता, कारण रिकामी जागा पाहिली की माणूस घाबरतो असं सरांचं म्हणणं. सरांनी काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. खंडेनवमीला आम्ही लॅपटॉप पूजेला ठेवले. सरांनी आराखडा ठेवला. त्याच्या मुखपृष्ठावर हळदीकुंकवाचा डाग शेवटपर्यंत होता.

डबे झाले की नियोजन. कोणतं काम कोण करणार आणि किती दिवसांत, हे ठरवताना बाकीच्या जगात कामाबद्दल विचारतात. सर आधी विचारायचे, "तुह्या घरी यंदा लग्न कोणाचं आहे?" त्यांच्या तक्त्यात प्रत्येकाच्या नावापुढे चुलत, मावस आणि आतेभावंडांची लग्नं तारखांसकट लिहिलेली असत. त्यांत साखरपुडा वेगळा, टिळा वेगळा. निखिलच्या पुढे एका ओळीत सहा लग्नं होती. पुण्याहून तक्ता पाहणाऱ्या केतकी मॅडमना ती कामं वाटली आणि त्यांनी विचारलं की 'पिंटूदादा' या कामाला पाच दिवस का लागतात. सरांनी खुलासा केला. मॅडमनी तो रकाना काढून टाकायला सांगितलं. सरांनी काढला आणि वेगळ्या कागदावर लिहून स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. त्या वर्षी पुण्याचं नियोजन तीन वेळा कोसळलं आणि आमचं एकदाही नाही. हा कागद मी अजून जपून ठेवला आहे.

आता गोष्टीतला मुख्य शब्द. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक मातीची अवस्था दिसायला हवी होती. आली, तपासणी चालू आहे, झाली. मधल्या अवस्थेला सरांनी शब्द घातला होता 'प्रक्रियाधीन'. तो घेऊन आम्ही तायडेबाईंना दाखवायला गेलो. बाईंनी पडद्याजवळ जाऊन वाचलं आणि म्हणाल्या, "हे काय लिहिलं जी? प्रक्रिया धीन. तबला वाजून राहिला काय?" सर ओशाळले. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, तू काय म्हणशील? मी विचार न करता म्हटलं, होऊन राहिलं. बाईंनी मान डोलावली. सरांनी 'प्रक्रियाधीन' खोडलं आणि त्या जागी लिहिलं, 'होऊन राहिलं'. आलं, होऊन राहिलं, झालं. अख्ख्या आराखड्यात एवढा एकच बदल असा होता, की ज्याच्यासाठी हिरवं पेन निघालं नाही. अकोल्यापासून अमरावतीपर्यंत हे शब्द कळत नाहीत असा माणूस सापडला नसता, मग त्यांची व्याख्या कोण कशाला लिहील?

त्याच सुमाराला आमचे सोमवार फार छान जायला लागले. दर सोमवारी केतकी मॅडम पडद्यावर येत आणि एकेक काम वाचत. नोंदणीचं काय? होऊन राहिलं, आम्ही सांगायचो. छान. तपासणीचं? तेही होऊन राहिलं. वा, छान. पुण्याची मंडळी आपल्या कामांबद्दल बरंच काही सांगत, अडचणी, अवलंबित्व, असे शब्द असत. आमचं दोन मिनिटांत आटोपायचं. मॅडम भल्या होत्या. एकदा त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या की अमरावतीच्या लोकांकडून शिका, काम झालं तरी मिरवत नाहीत. आम्हाला वाटलं, आपल्या वेगाचं कौतुक आहे. सरांना वाटलं, आराखड्याचं आहे. मग पुण्याहून एक कुरिअर आलं. त्यात 'सर्वांत वेगवान संघ' असं लिहिलेलं काचेचं स्मृतिचिन्ह होतं. सरांनी ते पेढ्यांसह स्वीकारलं आणि आराखड्याशेजारी ठेवलं. त्या दिवशी आमचं एकही काम पूर्ण झालेलं नव्हतं.

पुढे ती कामं वेळेत झाली, हे सरांच्या लग्नांच्या कागदाचं यश. त्यामुळे पुण्यात कधी झाली असं वाटलं आणि खरी कधी झाली यातलं अंतर कोणाच्या लक्षातच आलं नाही.

पेरणी तोंडावर आली तेव्हा सॉफ्टवेअर सुरू झालं. सरांनी प्रयोगशाळेत नारळ फोडला. तायडेबाईंच्या माणसांनी साठलेल्या सगळ्या पिशव्यांची नोंद केली, तपासणीला घेतल्या आणि यंत्रात घालायच्या आधी नियमाप्रमाणे पडद्यावर 'होऊन राहिलं' वर बोट ठेवलं. दहा-पंधरा मिनिटांत फोन वाजायला लागले. पहिला फोन बाईंनी घेतला, दुसरा सरांनी, आणि मग आम्ही सगळेच फोन घेत होतो.

जिल्हाभरातल्या शेतकऱ्यांच्या मोबाइलवर अहवाल गेले होते. नत्र: आढळले नाही. स्फुरद: आढळले नाही. पालाश: आढळले नाही. रंग: आढळला नाही. खोली: आढळली नाही. खाली, अधिक मार्गदर्शनासाठी प्रयोगशाळेशी संपर्क साधावा. आणि सगळ्यांनी साधला. काही जण फोनवर थांबले नाहीत. दुपारपर्यंत मोटारसायकली यायला लागल्या. एक वयस्क गृहस्थ थेट अंजनगावहून आले होते, म्हणजे सरांच्याच गावचे. त्यांनी टेबलावर काळ्या मातीचं ढेकूळ ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "माह्या वावरात काहीच नाही म्हंते तुमचं मशीन. रंग बी नाही, खोली बी नाही. मंग तीस वर्षं मी हवेत पेरून राहिलो काय?"

सरांनी त्यांना हात जोडले. पाणी दिलं. मग ते एका स्टुलावर बसले आणि बराच वेळ त्या ढेकळाकडे पाहत राहिले.

काय झालं ते निखिलनं तासाभरात शोधलं. अहवाल पाठवण्याचं पुण्याचं काम पुण्याच्या मराठीत विचार करून झालं होतं. आलं म्हणजे माती आली. झालं म्हणजे विषय संपला, फाइल बंद. आणि होऊन राहिलं म्हणजे होऊन तसंच राहिलेलं, तपासणी झाली पण पडून आहे, तेव्हा ताबडतोब पाठवा. त्यांनी ते चाचणीतही तसंच तपासलं होतं आणि तिथं ते चोख चाललं होतं. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर चूक कुठेच नव्हती. आमच्या बाजूनंही नव्हती. आणि तपासणी सुरूच न झालेल्या मातीच्या रिकाम्या जागा सरांच्या नियमानं इमानेइतबारे भरून काढल्या होत्या. त्यांचा आराखडा इतका पक्का होता की चूकसुद्धा त्यानं शिस्तीत पोचवली.

हे कळल्यावर निखिल हसायला लागला. सोमवार, छान, स्मृतिचिन्ह, सगळं एकदम उलगडलं होतं. मलाही हसू आलं. मग आम्ही सरांकडे पाहिलं आणि थांबलो. सर म्हणाले, "अठरा वर्षं होतो मी तिथं. मले हे ऐकू यायला पायजे होतं. पण सत्कार झाला ना, मंग कान बंद झाले."

दुरुस्ती दोन दिवसांत झाली. खरे अहवाल गेले, तायडेबाईंनी एकेकाला फोन करून समजावलं, पेरण्या कोणाच्या अडल्या नाहीत. पण अट होती ती होतीच. आठवड्यानं पुण्याचे मोठे साहेब आणि केतकी मॅडम आले. आम्ही पाच जण आणि ते दोघे, चार्टांनी भरलेल्या त्या खोलीत. इतिवृत्त लिहायला मला बसवलं होतं, त्यामुळे त्या दिवशी कोण काय बोललं हे मला शब्दशः आठवतं.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी सरळ सांगितलं की ग्राहकापुढे फार शोभा झाली, दोन गावांतून काम करणं जमत नाही हे सिद्ध झालं, महिनाअखेर हे ऑफिस बंद करू. ज्यांना यायचं त्यांना पुण्यात जागा आहे. मी आईचा विचार करत होते. निखिलचे वडील एकटे वावर पाहतात, तो रोज ऑफिसातून जाऊन त्यांना मदत करायचा. त्याचं तोंड उतरलं होतं. मग साहेबांनी आराखडा उघडला आणि विचारलं, हा शब्द कोणी घातला?

मी पेन खाली ठेवलं. शब्द माझा होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात सर म्हणाले, "मी. माहाच शब्द आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. निखिलला राहवलं नाही, तो म्हणाला की आराखडा पुण्याला चार महिने आधी पाठवला होता, काही शंका आहेत का असं विचारलं होतं, आणि नाहीत असं लेखी उत्तर आलं होतं. ते उत्तर त्यानं छापूनही आणलं होतं. केतकी मॅडमचा चेहरा पडला. सरांनी तो कागद निखिलच्या हातातून घेतला, घडी केली आणि स्वतःच्या खिशात ठेवला.

मग ते उठले. भिंतीवरचा एक चार्ट त्यांनी उलटा करून टेबलावर पसरला. आम्हाला वाटलं, आता दोन तास. फूटपट्टीसुद्धा न घेता त्यांनी हातानंच तीन डबे काढले. एकात लिहिलं पुणे, एकात लिहिलं अमरावती, आणि मधल्या डब्यात काळपांडे. एवढा साधा आराखडा त्यांनी आयुष्यात काढला नसेल.

"सोमवारचे दोन मिनिटं सोडले तर पुण्याचं सगळं बोलणं माह्याकडे येते," ते म्हणाले. "मी ते पोरायले सांगतो. पोरायचं माह्याकडे येते, मी ते पुण्याले सांगतो. शब्द बिघडला तो याच डब्यात. मॅडमनं थेट पोरीले विचारलं असतं, म्हंजे काय गं, तर तिनं सांगितलं असतं. मले विचारायले सगळे भेत होते, मी दोन तास सांगत बसतो म्हणून." त्यांनी लाल पेन घेतलं आणि मधल्या डब्यावर फुली मारली. "हा डबा काढला की काम सरळ होते. ऑफिस बंद करायची गरज नाही, साहेब. आर्किटेक्ट बंद करा."

खाली दुकानात कोणीतरी मशीन चालवून पाहत होतं, त्याचा आवाज येत होता. साहेब स्वतः इंजिनिअर होते. त्यांनी तो कागद स्वतःकडे ओढला, एकदा नीट पाहिला आणि एखाद्या विद्यार्थ्याला सांगावं तसं म्हणाले, "डिझाइन चांगलं आहे." इतिवृत्तात मी तेच लिहिलं. सरांच्या कुठल्याही आराखड्याचं पुण्यानं एका बैठकीत आणि एकही बदल न सुचवता केलेलं ते एकमेव कौतुक. त्या खोलीत दोन्हीकडचं मराठी येणारा माणूस एकच होता, आणि जास्तीचा ठरला तो तोच. मला तेव्हा फार राग आला होता. साहेबांचा नाही, सरांचा. वर्षभर जो माणूस एक डबा सोडायला तयार नसायचा, त्यानं नेमका हाच कसा इतक्या सहज सोडला?

शेवटच्या दिवशी मी त्यांना म्हटलं की शब्द माझा होता, तुम्ही खोटं बोललात. ते चार्ट गुंडाळत होते. म्हणाले, "तू बोललीस, पण लिहिला मी. जो लिहिते त्याचा असते." मग म्हणाले, "आणि तुले गाडी पकडायची असते." मला रडू आलं. ते गडबडले आणि मला पाणी आणायला गेले, आणि परत आले ते बाटलीबरोबर व्याख्यांच्या प्रकरणातल्या दोन दुरुस्त्या घेऊन.

ऑफिस राहिलं. तीन वर्षांत वाढलंही. आता आम्ही बडनेरा रोडवरच्या नव्या इमारतीत आहोत. काचेचं दार, गळ्यात कार्ड, दाराशी गार्ड आणि त्याच्यापुढे येणाऱ्याजाणाऱ्यांचं रजिस्टर. भिंती स्वच्छ आहेत, त्यांवर काही लावायला मनाई आहे. अवस्थांची नावं आता इंग्रजीत असतात. तायडेबाई ती नाइलाजानं वाचतात. सर अंजनगावला असतात, शाळेतल्या पोरांना गणित शिकवतात असं ऐकलं होतं. ती पोरं गणित सुरू व्हायची वाट पाहत असणार.

परवा दुपारी गार्डचा फोन आला की तुमच्याकडे कोणी आलं आहे. मी दाराशी आले तर सर. केस पांढरे झाले होते, खिशात एकच पेन होतं. अमरावतीत एका लग्नाला आले होते, म्हणाले. चहा मागवला, तो त्यांनी उभ्यानंच घेतला. आत चला, म्हटलं, सगळ्यांना भेटा, निखिल आता मोठा माणूस झाला आहे. ते नको म्हणाले, पोरं कामात असतील. काचेच्या दारातून मात्र ते आत पाहत होते.

"किती जणं झाले आता?"

बावीस, मी सांगितलं.

"पुण्याले कोणी गेलं?"

"कोणीच नाही, सर."

त्यांनी मान हलवली. काचेतून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहून घेतलं. मग कप गार्डच्या टेबलावर ठेवला, रजिस्टरमध्ये जायची वेळ लिहिली, सही केली आणि लग्नाची पंगत बसेल म्हणून निघाले. ते रस्ता ओलांडून जाईपर्यंत मी दारात उभी होते.

मी गार्डला सांगितलं की हे साहेब पुन्हा आले तर त्यांना बाहेर थांबवू नका, सरळ आत पाठवा, हे ऑफिस त्यांच्यामुळे आहे. गार्ड नवा होता, त्याला ते पटलं नाही. त्यानं रजिस्टर माझ्याकडे फिरवलं आणि सरांच्या ओळीवर बोट ठेवलं. नाव, गाव, कोणाकडे, सगळं सुवाच्य अक्षरात भरलेलं. कामाचा रकाना रिकामा सोडता येत नाही म्हणून तिथं त्यांनी लिहिलं होतं: काही नाही.